रकाना सात : जाण्याचं ठिकाण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बंद केलेला डबा दुपारी एक वाजता उघडला की पोळीच्या कडा ओल्या झालेल्या असतात.

*

पांढरी टोपी. पुढे निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. अंबाजींच्या डोक्याला ती लहान होते, म्हणून ते ती हातात धरून उभे राहतात.

*

तीन वेळा उशीर म्हणजे अर्धा दिवस कापला. बारा वेळा उशीर म्हणजे पत्र.

*

निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये. ‘लांब का?’ म्हणावं.

*

तापाची गोळी सदतीस अंशाच्या पाण्यात तीस मिनिटांत विरघळली पाहिजे. नाही विरघळली तर सगळी बॅच अडते.

*

आजच्या मालगाडीला बेचाळीस डबे. कालच्या गाडीला अठ्ठावन्न होते.

*

०१.

*

हे सगळं एकाच घराच्या आसपासचं. मौला अली, सिकंदराबादच्या बाहेरची वस्ती, साल १९९९.

घर हिम्मतरावांचं. मूळचे बिदरकडचे. चौतीस वर्षं रेल्वेच्या वाहतूक विभागात कारकुनी केली, वीस वर्षं नारायणगुड्यात भाड्यानं राहिले, मग मौला अलीत प्लॉट घेऊन दोन मजले बांधले आणि सत्त्याण्णवच्या मेमध्ये निवृत्त झाले. घरात बायको सावित्रीबाई, मुलगा गौतम, सून माधवी आणि तीन वर्षांची नात तन्वी. गौतम नारायणगुड्यात शालेय पुस्तकांच्या दुकानात नोकरीला. माधवी रसायनशास्त्रात एम.एस्सी. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती गोळ्या पाण्यात सोडून वेळ मोजायची.

लग्नाच्या वेळी ही कंपनी विद्यानगरच्या एका गल्लीत तीन खोल्यांत होती. माधवीचं माहेर त्याच्या मागच्या गल्लीत. मौला अलीहून एक बस, येताना आईकडे चहा, सहाच्या आत घरी. मग परदेशात माल विकायची परवानगी मिळाली. कंपनी फुगली आणि अठ्ठ्याण्णव साली सनतनगरच्या पलीकडे काचेच्या इमारतीत गेली. देशाची दारं उघडली तेव्हा माधवीच्या कंपनीचं गेट शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि ते साडेआठला बंद व्हायला लागलं.

आता पहिली बस मौला अली ते सिकंदराबाद. तिथं उतरून, स्टेशनसमोरची गर्दी तुडवून, दुसऱ्या स्टॉपवर. दुसरी बस सनतनगरची. जायला दोन तास, यायला सव्वादोन. सिकंदराबादमध्ये तिचं काहीच नव्हतं. तिथं ती फक्त उतरायची आणि चढायची.

आणि घराच्या मागे, गच्चीवरून दिसेल अशी, एक रेल्वे लाइन होती. मौला अलीहून निघून शहराला बाहेरून वळसा घालून, सिकंदराबादला न शिवता, थेट सनतनगरला जाणारी. त्या लाइनवरून सिमेंट जायचं, कोळसा जायचा, खत जायचं. माणसं जात नव्हती.

*

पत्र जुलैत आलं. इंग्रजीत, चार ओळींचं. पुढच्या मार्चपर्यंत हजेरी सुधारली नाही तर कंपनीला विचार करावा लागेल, एवढंच.

माधवीनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, कारण लपवून उपयोग नव्हता. गौतमनं वाचलं आणि आमटीच्या भांड्याखाली सारलं.

“मी आधीपासून सांगते,” सावित्रीबाई म्हणाल्या. “माझे गुडघे हे असे. पोरगी दिवसभर शेजारच्यांकडं. काय की बाई, चार तास बसमध्ये बसायचं आणि गोळ्या पाण्यात टाकायच्या. घरात पाणी नाही का?”

“आत्याबाई, तो विनोद झाला,” माधवी म्हणाली. “पण नोकरी माझी आहे.”

“नोकरी नको असं कोण म्हणतंय?” हिम्मतराव म्हणाले. त्यांनी पत्र आमटीखालून ओढून काढलं, पुसलं, घडी घातली. घडीवर नखानं रेघ ओढली. “ऐक. लोकल गाड्यांचा सर्व्हे निघालाय. कुठल्या लाइनवर गाड्या सोडायच्या ते त्याच्यावर ठरणार. मागची लाइन पण यादीत आहे. मला पर्यवेक्षक म्हणून बोलावलंय, मौला अलीच्या बाजूला.”

“मग?”

“मग सर्व्हे होऊ दे. मागची लाइन मंजूर झाली तर तू नोकरी कर. साठीपर्यंत कर. कुणी बोललं तर मी आहे. नाही झाली तर घर. शब्द दे.”

माधवी हसली. तिला हसू येण्याचं कारण होतं. सकाळच्या बसमध्ये ती ज्यांच्या कोपरांना ओळखायची, त्यांतले निम्मे सिकंदराबादला उतरून तिच्याच मागे सनतनगरच्या स्टॉपकडे पळायचे. यापेक्षा सोपी पैज तिला आयुष्यात मिळाली नव्हती.

“दिला,” ती म्हणाली.

“बगा, पोरगी शब्दाची पक्की आहे,” सावित्रीबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात भात वाढला.

*

असं काम पूर्वी सरकारी दफ्तरातच झालं असतं. आता ते एका खासगी सल्लागार कंपनीला दिलं होतं. कंपनीचा माणूस मिलिंद, पुण्याचा, एकतीस वर्षांचा. आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की मोजणीवाल्यांत मराठी कळणारे बरेच आहेत, आणि त्याला इतका आनंद झाला की तो सगळ्यांना काका म्हणायला लागला.

फॉर्ममध्ये नऊ रकाने होते. सहावा, चढण्याचं ठिकाण. सातवा, जाण्याचं ठिकाण. आठव्यात वारंवारता. नववा मोजणीवाल्यासाठी नव्हता. तिथं पर्यवेक्षकानं, शंभर फॉर्मच्या गठ्ठ्याला एक, असा शेरा लिहायचा.

“काका, प्रवासी जे बोलेल तेच लिहायचं. आपल्याकडून काही घालायचं नाही.”

“रेल्वेत चौतीस वर्षं तेच केलं,” हिम्मतराव म्हणाले.

“ग्रेट. आणि अंदाजे वगैरे…”

“रेल्वेत अंदाजे नसतं.”

मोजणीला त्यांनी आपले जुने लोक घेतले. अंबाजी पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. दिवसाला शंभर माणसं, सकाळी सहा ते दहा, मौला अलीचा बस स्टॉप.

सावित्रीबाईंना हे ऐकूनच अस्वस्थ झालं. “सकाळच्या पारी निघालेल्या माणसाला ‘कुठे’? शंभर जणांना? अंबाजीला सांगा, लांब का म्हण म्हणावं.”

“फॉर्मवर ‘लांब का’ असा रकाना नाही,” हिम्मतराव म्हणाले.

*

कुठे जाणार?

सिकंदराबाद.

कुठे जाणार?

सिकंदराबाद.

कहां जारे साब?

सिकंदराबाद जारउं. और कां?

कहां जारे अम्मा?

तुमको कायको?

कुठे जाणार?

सिकंदराबाद.

कहां जारे?

कहां जारे बोलके पूछरे, वां बस निकल जारी!

(सिकंदराबाद, अंबाजींनी लिहिलं. बसवर तीच पाटी होती.)

कुठे जाणार?

सनतनगर. दवाखान्यात नर्स आहे.

कुठे जाणार?

सिकंदराबाद.

*

सप्टेंबरच्या नऊ तारखेला, गुरुवारी, सहा वाजून बावीस मिनिटांनी अंबाजींच्या समोर माधवी आली. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात डबा, केसांची पिन दातांत.

“काय सूनबाई. आज तुमचाच नंबर. नाव नको, नाव मला ठाऊक आहे.”

“अंबाजीकाका, टोपी घाला की. चेहरा ओळखीचा दिसतो, लोक उधारी मागायला थांबले असं समजतील.”

“बसत नाही ती. कंपनीनं डोकी पुण्यात मोजली. बरं, कुठे जाणार?”

बस वळणावर दिसत होती. माधवीनं पिन दातांतून काढून केसांत खोचली. लहानपणापासून तिला शिकवलेलं होतं की रस्त्यात कुणी ‘कुठे’ म्हणून विचारलं तर पूर्ण सांगत बसायचं नाही. जवळचं एक नाव सांगायचं आणि पुढं व्हायचं. विद्यानगरला आईनं शिकवलं होतं, इथं सासूनं तेच पुढं चालवलं होतं. शिवाय तिला वाटलं, पुढचं विचारतील.

“सिकंदराबाद,” ती म्हणाली.

अंबाजींनी पुढचं विचारलं नाही. पुढचा रकाना नव्हता. ती सनतनगरला जाते हे त्यांना माहीत होतं. गेल्याच आठवड्यात तिनं त्यांच्या बायकोसाठी तिथून गोळ्या आणल्या होत्या. पण प्रवासी बोलेल तेच लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं. फॉर्म नंबर दोनशे चौदा.

तिला चौथ्या पायरीवर जागा मिळाली. दरवाज्याच्या बाहेरची पायरी मोजली तर.

*

ऑक्टोबरात फॉर्म घरी आले. अकराशे फॉर्म, अकरा गठ्ठे. प्रत्येक ठिकाणाला एक अंक द्यायचा होता, म्हणजे कॉम्प्युटरला कळेल. सिकंदराबाद ०१. नामपल्ली ०२. काचीगुडा ०३. विद्यानगर ०५. सनतनगर ११.

हिम्मतरावांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. माधवीचं अंक लिहिणं छापल्यासारखं. संध्याकाळी साडेसातला ती घरी आली की चहा पिऊन एक गठ्ठा करायची. तन्वी मांडीवर. सावित्रीबाई पाय तेलानं चोळत समोर.

पहिला गठ्ठा तिनं बोलत बोलत केला. दुसऱ्याला बोलणं थांबलं. तिसऱ्याला तिनं पेन खाली ठेवलं.

“मामंजी.”

“हं.”

“शंभरात ब्याऐंशी ०१.”

“असतील.”

“हे लोक सिकंदराबादला जात नाहीत.”

“लिहिलंय तिथं.”

“हा बघा. हे रेड्डी. वय सव्वीस, फिटर. रोज माझ्या पुढं पळतात, सनतनगरच्या बसमध्ये मला जागा धरतात. ही बाई सनतनगरशेजारी बालानगरला जाते, पॅकिंगला. हा मुलगा…” तिनं चौथा फॉर्म उचलला आणि वाचताना तिचा आवाज बदलला. “हा माझा आहे.”

सावित्रीबाई तेलाचा हात तसाच धरून बघत राहिल्या.

“तूच ०१ म्हणालीस?” त्या म्हणाल्या. आणि हसू लागल्या. मनापासून, गुडघा धरून. “अगं बाई! पैज लावली आणि स्वतःच…”

“बस आली होती,” माधवी म्हणाली.

हिम्मतरावांनी तिच्या हातातून फॉर्म घेतला, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेला. मग गठ्ठ्यात, जिथून निघाला होता त्याच जागी, परत घातला.

“बदलता येणार नाही.”

“बदला नाही म्हणत. नववा रकाना आहे ना, तुमचा? शेरा लिहा. प्रवासी बस बदलायचं ठिकाण सांगतात, पोचायचं नाही. एक ओळ. पुन्हा विचारायला लावतील नाहीतर वजावट करतील, काहीतरी करतील. तुमची एक ओळ, मामंजी.”

“लिहितो.”

“नक्की?”

“सांगितलं ना, लिहितो. आता तो गठ्ठा पुरा कर.”

तिनं पुरा केला. ०१, ०१, ०१, ०५, ०१, ०१. स्वतःच्या नावापुढंही ०१ लिहिलं, छापल्यासारखं.

*

एक माणूस किती खरा हे त्याच्या हस्ताक्षरावरून कळतं असं हिम्मतरावांचे पहिले साहेब म्हणायचे. हिम्मतरावांचं अक्षर फार चांगलं होतं.

१९७४ साली त्यांनी एका रजिस्टरात न विचारता एक शेरा लिहिला होता. शेरा बरोबर होता. त्यांची बढती तीन वर्षं अडली.

सावित्रीबाईंना जिना चढता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात एक गुडघा बसेल.

यातलं कुठलं कारण आधी आलं आणि कुठलं त्याच्या आधाराला, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. अकरा गठ्ठ्यांवर नववा रकाना होता. मिलिंदच्या ऑफिसात बसून त्यांनी अकरा वेळा सही केली.

“काका, एक मिनिट,” मिलिंद पडद्याकडे बघत म्हणाला. “मौला अलीत सिकंदराबाद फारच येतंय. एटी पर्सेंट प्लस. असं असतं का इथे? काही शेरा द्यायचा आहे?”

खिडकीत कूलर चालू होता, ऑक्टोबर असूनही. हिम्मतराव पेनाचं टोपण लावत होते. ते बसायला जरा वेळ लागला.

“नाही,” ते म्हणाले. “निल लिहा.”

*

अहवाल जानेवारीत सादर झाला. मिलिंद स्वतः पेढे आणि एक जाडजूड प्रत घेऊन घरी आला. रविवार होता, सगळे घरी होते.

“शहराच्या मधून जाणाऱ्या दोन लाइन रेकमेंड केल्यात, काका. काचीगुड्याची आणि नामपल्लीची. बाहेरची लाइन ड्रॉप.”

माधवी चहाचा ट्रे घेऊन दारात होती. ती आली, ट्रे ठेवला, कप पुढे केले. साखर विचारली.

“बाहेरच्या लाइनला किती लोक निघाले?” तिनं विचारलं.

“तीन टक्के. वहिनी, तीन टक्क्यांवर कोण गाडी सोडणार?”

“आणि शेऱ्यात काय आहे?”

“कुठल्या?”

“मामंजींच्या. नवव्या रकान्यात.”

मिलिंदचा चेहरा खुलला. त्याला वाटलं तिला सासऱ्यांचं कौतुक ऐकायचं आहे. “तेच सांगतो! बाकी सेंटर्सना नुसता शेऱ्यांचा पाऊस. पाऊस होता, बस बंद होती, प्रवासी भांडला. काकांचे अकराच्या अकरा गठ्ठे निल. एवढा क्लीन डेटा मी मुंबईतसुद्धा पाहिला नाही. मी स्वतः विचारलं, काका, काही शेरा? नाही म्हणाले. असे लोक राहिले नाहीत.”

सावित्रीबाई पेढ्याचा तुकडा तन्वीच्या तोंडात घालत होत्या. गौतमनं पेपरचं पान उलटलं, पण वाचायला नाही.

“एक विचारू?” माधवी म्हणाली. “मौला अलीचे नऊशे लोक सकाळी सिकंदराबादला जातात. तुमच्या पुस्तकाप्रमाणे.”

“हो.”

“तिथं ते काय करतात?”

“म्हणजे?”

“दिवसभर. नऊशे लोक. संध्याकाळपर्यंत. स्टेशनसमोर उभे राहतात?”

मिलिंदनं कप खाली ठेवला. तो हुशार होता, त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं अहवाल उघडला, तक्त्यावर बोट फिरवलं, मिटला. मग हिम्मतरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

“इंटरचेंज,” तो हळू म्हणाला. “चेंज करतात. अरे… काका, हे मी तुम्हाला…” वाक्य त्यानं सोडून दिलं. “वहिनी, हे आधी कळलं असतं तर एक दिवसाचं काम होतं. आता सबमिट झालंय. आता मी उघडलं तर माझ्यावरच येईल.”

“हो,” माधवी म्हणाली. “तसंच असतं. चहा गार होतोय.”

*

तो गेल्यावर गेटची कडी लागल्याचा आवाज आला. पहिल्यांदा बोलले हिम्मतराव.

“लिहिलं असतं तर म्हणाले असते, सुनेसाठी लिहिलं.”

“कोण म्हणालं असतं?”

“लोक.”

“अंबाजीकाका? तो रेड्डी? कोण, मामंजी? माझ्या बसमधले नऊशे लोक तुम्हाला म्हणाले असते, आमच्यासाठी का लिहिलंत?”

“आवाज,” गौतम म्हणाला.

“तुम्ही पेपर वाचा.”

“माधवी, कायद्यानं बघ,” हिम्मतराव म्हणाले. त्यांचा स्वर दफ्तरातला झाला. “तू स्वतः काय सांगितलंस? फॉर्म दोनशे चौदा. मी सांगितलं का तसं सांग म्हणून? माणूस स्वतःच्या तोंडानं चूक सांगतो आणि दुसऱ्यानं ती दुरुस्त करावी?”

“हौ,” सावित्रीबाई म्हणाल्या. “आणि शब्द दिला होतास.”

“मामंजींनी पण दिला होता.”

“त्यांनी कधी दिला?”

“ऑक्टोबरात. तुम्ही पाय चोळत होतात. ‘लिहितो’ म्हणाले.”

सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तरी त्यांना खरंच आठवलं असावं. तन्वीचं तोंड पदरानं पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

“मी तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं,” माधवी म्हणाली. “खरं लिहायला सांगितलं होतं. तुम्हाला तेच जास्त जड गेलं.”

हिम्मतराव उठले, अहवालाची प्रत उचलली आणि कपाटात, आपल्या निवृत्तीच्या कागदांच्या वर, सरळ ठेवली. कडा जुळवल्या.

“मार्चपर्यंत कर,” ते म्हणाले. “एकदम सोडू नकोस. नोटीस द्यावी लागते.”

*

तिनं नोटीस दिली. शब्द दिला होता म्हणून नाही. पत्रानंतर पुन्हा बारावा उशीर फेब्रुवारीत पडला आणि कंपनीनंच राजीनाम्याचा कागद पुढे केला. शब्दानं काय आणि कंपनीनं काय, सही तिला करावीच लागणार होती, एवढंच. शेवटच्या दिवशी तिनं नव्या मुलीला गोळी कशी सोडायची ते दाखवलं. मुलगी सनतनगरातच, चालत सात मिनिटांवर राहायची.

सावित्रीबाईंचा उजवा गुडघा एप्रिलमध्ये बसला. माधवी त्यांना आंघोळ घालायची, कपडे बदलायची, जिन्यावरून हात धरून उतरवायची. त्यात तिनं कधी कसूर केली नाही. सावित्रीबाई तिच्याशी गोड बोलायला लागल्या होत्या. ती उत्तरं द्यायची. एका शब्दाची, बरोबर.

हिम्मतरावांशी ती बोलत नव्हती असं नाही. “चहा,” म्हणायची. “औषध,” म्हणायची. त्यांनी काही विचारलं तर विचारलं तेवढंच सांगायची, आपल्याकडून काही घालायची नाही. एकदा ते म्हणाले, “माधवी, गच्चीवर ऊन आहे का ग, पापड टाकायचेत म्हणते ही.” ती म्हणाली, “ऊन आहे.” ते पापड घेऊन वर गेले. गच्ची धुतलेली होती, सगळीकडे पाणी साचलं होतं. ते ताट हातात धरून बराच वेळ उभे राहिले, मग खाली आले.

“पाणी होतं वर,” ते म्हणाले.

“हो,” माधवी म्हणाली.

*

१९९३ च्या मार्चमध्ये, माधवी या घरात यायच्या दोन वर्षं आधी, सिकंदराबादच्या यार्डात काम चालू होतं म्हणून एक प्रवासी गाडी चार दिवस मागच्या लाइनवरून नेली होती. मौला अली ते सनतनगर सव्वीस मिनिटं लागली. रजिस्टरातली नोंद हिम्मतरावांच्या अक्षरात आहे.